डोळा नसलेली कोळंबी

मे महिना. सदरच्या दुकानातून आणलेला डबा
मी बर्फासकट टेबलावर ठेवते.
शिजवलेली, सोललेली, डोकी उडवलेली कोळंबी,
वर लिंबाची एक फोड, झाकणावर चिठ्ठी :
उघडा आणि खा.
नमुना क्रमांक एकतीस.

माझी माय पवनीकडची, ढिवराची लेक.
टोपली समोर आली की आधी डोळा बघायची.
'मासोळी खोटं नाही बोलत बाप्पा,
डोळा गढूळला का समज, कालचा माल.'
मग कल्ला उचलायची, बोटानं पोट दाबायची,
आणि त्यानंतर भाव पाडायची.

ह्या कोळंबीला डोळाच नाही.
समुद्रापासून इतक्या लांब आलेली,
विचारायचं कशाला?

बाहेर सेहेचाळीस अंश.
सेमिनरी हिल्सची झाडं माना टाकून उभी.
अख्खं शहर कूलरच्या टाकीत बादल्या ओतत
गारव्याची वाट बघतंय,
आणि लिस्टेरिया गारव्यातच वाढतो.
चार अंशांवर, सावकाश,
परतीचं तिकीट न काढलेल्या पाहुण्यासारखा.
'मॅडम, आपला माल चोवीस तास बर्फातच राहते,'
नंदनवार फोनवर सांगत होते.
खरंच सांगत होते.

सतरा क्रमांकातही हाच जीव निघाला होता.
तशाच निळसर हिरव्या वसाहती, भोवती धुकट कडं.
पण आतड्याचं दार उघडणारं जे जनुक,
त्यात एक अक्षर कधीतरी, कुठल्यातरी कारखान्यात,
की त्याही आधी, चुकलं होतं.
आठशे शब्दांचं वाक्य
पाचशेच्या आतच पूर्णविराम देऊन बसलेलं.
दाते तुटलेली किल्ली.
दारापाशी येते, फिरत नाही.
किती जणांनी खाल्लं असेल ते,
ढेकर दिली असेल, फुटाळ्यावर फिरून आले असतील
एका चुकलेल्या अक्षराच्या जिवावर.

एकतीसची जेल मी दिवे घालवून बघितली.
पेशीला भोक पाडणारं जनुक : आहे.
एका पेशीतून दुसरीत, बाहेर न पडता,
शेपटीच्या रेट्यानं सरकवणारं : आहे.
रेघा इतक्या स्वच्छ की क्षणभर आनंदच झाला,
काम नीट जमल्याचा,
आणि मग त्या आनंदाची लाज.

किल्लीचा क्रम हैदराबादहून आज आला.
तीन-तीन अक्षरं तोडत मी वाचत गेले.
चारशे. पाचशे. सहाशे.
आयुष्यात पहिल्यांदा
कुणाची तरी चूक सापडावी म्हणून इतकी आतुर.
पूर्णविराम आला.
जिथे यायला हवा, तिथेच.

समरीनला सातवा महिना आहे.
माझ्या डाव्या हाताला तिचं टेबल,
खुर्चीत पाठीला दुमडलेला टॉवेल.
हा डबा तिनेच सुचवला होता :
'दीदी, सदरचा तो पण घ्या नमुन्यात.
मी तर मागच्या महिन्यात दोनदा खाल्ला,
इतका गार लागतो ना.'
आम्ही हसलो होतो.

ह्या जिवाला घाई नसते.
सत्तर दिवसही थांबतो कधी कधी.
मोठ्या माणसाला थोडा ताप, थोडी अंगदुखी,
उन्हानं येते तशीच.
आणि मग वारेपलीकडचं ते दुसरं दार.

अहवालाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा : आढळला.
तो लिहिलाय. सही केलीय.
नंदनवारांना फोन झाला, ते गप्प होते, मग म्हणाले,
'पण बर्फ तर होता नं?'

आता उठायचं आणि पाच पावलं चालायचं.
ती वर बघते, विचारते, काय झालं?
मी तिच्या डोळ्यांत बघते,
मायनं शिकवलं तसं, आधी डोळा.
नितळ आहे.
आणि त्यावरून काहीच कळत नाही.

'समरीन,' मी म्हणते,
'पर्स घे. तुझ्या डॉक्टर आता बसल्या असतील ना?'